मालक गैरहजर

"चिठ्ठी काढा आक्का, संध्याकाळच्या दुधाची वेळ होत आली," पोतनीस साहेब तिसऱ्यांदा म्हणाले. तेव्हा कुठे मालकांच्या आईनं दुधाच्या किटलीत कोपरापर्यंत हात घातला, तळाशी चांगला फिरवला आणि एक चिठ्ठी वर काढली. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी चिठ्ठी लांब धरली, मग आणखी लांब धरली.

"प्रां... प्रांजल लोहार."

माझ्या तोंडात अख्खा पेढा होता. पॅकिंगमधल्या सुनंदामावशीनं पाठीत गुद्दा घातला. "अगं तूच की. ऊठ, मालकीण झालीस."

मी तेव्हा सहावीत होते. आता दहावीत आहे आणि माईक दिसला की माझे हात शिवशिवतात, पण त्या वेळी चारचौघांत नाव घेतलं तरी मला घाम फुटायचा. मी उठले ती थेट आईच्या पदरामागे गेले. आईनं मला तिथून ओढून काढलं.

आमची स्वस्तिश्री डेअरी म्हणजे पनीर आणि खवा. दुधाला सुट्टी नसते, म्हणून खंडेनवमीची पूजा सकाळचं दूध उतरल्यावर आणि संध्याकाळचं यायच्या आत उरकायची. मशिनी धुतलेल्या, प्रत्येकीला झेंडूची माळ, आणि सगळ्या कामगारांची बायकापोरं नव्या कपड्यांत अंगणात. थोरल्या मालकांनी एक प्रथा पाडली होती. कामगारांच्या पोरांच्या नावाच्या चिठ्ठ्या किटलीत टाकायच्या आणि जिचं किंवा ज्याचं नाव निघेल ते पोर तासभर मालक. मालकांची खरीखुरी फिरती खुर्ची केबिनमधून अंगणात आणायची, पोराला तिच्यावर बसवायचं आणि त्यानं एक हुकूम द्यायचा. हुकूम फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिला जायचा आणि फळ्यावर चढला की तो पाळायचाच. थोरले मालक जाऊन सहा वर्षं झाली होती, पण ही प्रथा मोडायची कुणाची छाती झाली नव्हती.

आदल्या वर्षी बॉयलरवाल्या कदमांच्या सिद्धेशनं दहा मिनिटं भोंगा वाजवायचा हुकूम दिला होता. आग लागली समजून निम्मं गाव बादल्या घेऊन धावत आलं होतं.

मी खुर्चीवर बसले. पाय जमिनीला टेकत नव्हते. कुणीतरी खुर्ची गरकन फिरवली आणि अंगण, आई, झेंडूच्या माळा, सगळं माझ्याभोवती फिरलं. थांबले तेव्हा समोर मालक उभे होते. भरतेश मगदूम, चाळिशीचे, पांढराशुभ्र शर्ट, हात मागे बांधलेले. एरवी मी त्यांना फक्त आमच्या शाळेत पाहिलं होतं. दर जूनला शाळा उघडली की यायचे, झाड लावायचे आणि पर्यावरण ही माझी वैयक्तिक जबाबदारी आहे असं भाषण करायचे.

"बोला मालकीणबाई," ते म्हणाले. "काय हुकूम?"

मागून सल्ल्यांचा पाऊस. वॉटरपार्कची सहल माग. सगळ्यांना श्रीखंड. आई दबक्या आवाजात, "सायकल माग गं, सायकल." आणि बाबा? बाबा अंगणात नव्हतेच. ते कधीच नसायचे.

माझे बाबा मागच्या टाकीवर कामाला होते. डेअरीचं सगळं सांडपाणी, मशिनी धुतल्याचं, पनीरचं आंबट पाणी, फुटलेलं दूध, मागच्या मोठ्या टाकीत जातं. तिथे दोन ब्लोअर त्या पाण्यात हवा फुंकतात. हवा मिळाली की पाण्यातले जंतू घाण खाऊन टाकतात. नाही मिळाली की पाणी सडतं. त्यातला एक ब्लोअर वर्षाहून जास्त बंद होता. त्यामुळे मागे जो वास सुटायचा तो कसा सांगू? आठवडाभर डबा धुवायचा राहिलाय आणि तो डबा म्हणजे एक विहीर आहे, असं समजा.

त्या मे महिन्यात मी रोज बाबांचा डबा घेऊन जायचे. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये शोधलं तर कुणीतरी म्हणालं, "लोहार मागंच जेवतो. हितं बसला तर आमचं जेवण उठतंय." आणि सगळे हसले. बाबा टाकीपाशी एका पालथ्या क्रेटवर एकटे बसून भाकरी खात होते. मी विचारलं, कॅन्टीनला का येत नाही? तर म्हणाले, "पाण्यावरची नजर काढता येत न्हाई बाळा. पाळीला मी एकटाच." ते खरंच होतं. पण कॅन्टीनमधलंही खरंच होतं, आणि ते बाबा सांगत नव्हते. घरी आल्यावर दोनदा साबण लावून अंघोळ केल्याशिवाय ते मला जवळ घ्यायचे नाहीत.

त्या क्रेटशेजारी कुणीतरी बसायला हवं, एवढंच तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं. मी किती जणांना विचारलं असेल. सिद्धेशला तर माझी कंपासपेटी देऊ केली होती.

"मालकांनी," मी म्हणाले, आणि आवाजच फुटेना. परत सुरुवात केली. "मालकांनी रोज दुपारी माझ्या बाबांच्या शेजारी बसून जेवायचं."

अंगणात हशा पिकला. आईनं कपाळावर हात मारला.

पोतनीस साहेब वाकून माझ्या कानाशी आले. डेअरीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. बोलणं नेहमी लोण्यात घोळलेलं. "बाळ, हुकूम कसा, सगळ्यांना आनंद होईल असा द्यावा. आइस्क्रीम लिहू या का?"

"नको."

"बरं मग असं करू. बाबांना साहेबांच्या केबिनमध्ये बोलावू. एसी आहे. मस्त जेवतील दोघं."

"बाबांना पाण्यावरची नजर काढता येत नाही," मी म्हणाले. "तिथंच बसायचं."

कुणीतरी बाबांना बोलावून आणलं होतं. ते घाईघाईत हात पुसत आले. झालेला प्रकार कळल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मालक, लेकरू हाय. मनावर घिऊ नका. प्रांजल, उतर खाली."

मी उतरायला निघालेच होते. पण आक्का बाजूच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "बसू दे तिला. तिचा तास संपला न्हाई अजून." आणि मुलाकडे बघून, "काय रे भरतू, तुझ्या वडलांनी कधी फळा पुसला होता?"

मालकांनी घसा खाकरला. "किती दिवस?"

किती दिवस याचा मी विचारच केला नव्हता. कुणीच कधी केला नव्हता. आइस्क्रीम एका दुपारीच संपतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "पुढच्या खंडेनवमीपर्यंत."

पोतनीस साहेबांनी खडू हातात घेतला आणि मालकांकडे पाहिलं. मालकांनी आक्कांकडे पाहिलं. फळ्यावर हुकूम चढला.

दुसऱ्या दिवशी दसरा, शाळेला सुट्टी. मी डबा घेऊन आधीच जाऊन बसले. बाबांनी टाकीभोवतीची जागा तीनदा झाडली, कुठून तरी प्लॅस्टिकची खुर्ची पैदा केली, ती पुसली, परत पुसली. "तुला दुसरं काय सुचलं न्हाई व्हय गं?" एवढंच म्हणाले.

मालक बरोबर एक वाजता आले. हातात चार पुडांचा चकचकीत डबा. बसले, डबा उघडला, भाताचा घास उचलला. तेवढ्यात टाकीतून एक मोठा बुडबुडा वर आला. मालकांचा घास हवेतच थांबला.

बाबा बावरून काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "मालक, चटणी घ्या की. लसणाची हाय, घरची."

मालक जैन. लसूण त्यांच्या घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. ते आधी चटणीकडे, मग टाकीकडे बघत राहिले. दोन्हीतलं काय जास्त अवघड, हे त्यांचं ठरेना.

"रोज असंच असतं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई न्हाई," बाबा म्हणाले. "आज बरंय. वारा पलीकडं चाललाय."

मालकांनी दोन घास खाल्ले, डबा बंद केला आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले, पण उभ्या उभ्याच, फोन कानाला लावून. मी शाळेत होते, बाबांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी आले नाहीत. चौथ्या दिवशी नाहीत. पाचव्याही.

"बरंच झालं," बाबा म्हणाले. "त्यांच्यासमोर माझ्याच घशाखाली घास उतरत नव्हता." पण ती प्लॅस्टिकची खुर्ची ते रोज पुसून ठेवायचे. आईनं कशी कोण जाणे, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी करून वेगळ्या डबीत द्यायला सुरुवात केली होती आणि ती डबी रोज भरलेली परत यायची. ती डबी बघून माझं डोकं फिरलं.

सहाव्या दिवशी सकाळी शाळेआधी मी फाटकाशी गेले. शेतकऱ्यांची रांग लागली होती, सायकलींना कॅन टांगलेले, कुणाचं लक्ष नव्हतं. फळ्याखालचा खडू घेतला आणि हुकुमाच्या खाली आमच्या वर्गशिक्षिका लिहितात तशी हजेरी लिहिली. गुरुवार, हजर. शुक्रवार, अर्धे हजर. शनिवार, गैरहजर. रविवार, गैरहजर. सोमवार, गैरहजर. वर नाव, भरतेश मगदूम. बारीक विचार करून नावाआधी 'श्री.' टाकलं, उगाच उद्धटपणा नको.

मी कोपऱ्यावर पोचायच्या आत मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. "आरं, मालकांची हजेरी लागलीया की. तीन खाडं." आणि रांगभर जे हसू पसरलं ते मला शाळेच्या घंटेपर्यंत ऐकू येत होतं. शाळेत बसल्यावर मात्र मनात आलं, बाबांची नोकरी गेली तर? दिवसभर मला एकही गणित सुटलं नाही.

घरी आले तर बाबा दारातच. "मालकांनी बोलावलंय. तुला."

केबिनमध्ये मालक जेवायच्या तयारीत होते. सूर्य मावळायच्या आत त्यांचं संध्याकाळचं जेवण उरकतं. मागच्या भिंतीवर हिरव्या चौकटीत 'हरित उद्योग' असं प्रशस्तिपत्रक. पोतनीस साहेब खिडकीपाशी उभे. बाबा दाराला चिकटून.

"माझ्याच कंपनीत माझीच हजेरी घेतलीस," मालक म्हणाले.

"खोटी घेतली नाही," मी म्हणाले. हे मी बोलले यावर माझा मलाच विश्वास बसेना.

"अर्धे हजर म्हणजे काय असतं?"

"तुम्ही बसला नव्हता."

पोतनीस साहेब खोकले. मालक म्हणाले, "हे बघ, खोटं कशाला बोलू. मला तिथे घास उतरत नाही."

"मग माझ्या बाबांचा कसा उतरतो?"

मी भांडायला विचारलं नव्हतं. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. सहा महिने तो प्रश्न माझ्या मनात होता आणि बाबांना विचारायची हिंमत नव्हती.

मालकांनी बाबांकडे बघितलं. "दत्तू, ब्लोअर बंद आहे ना एक? मला का नाही सांगितलंस?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "बाबांनी चिठ्ठ्या लिहिल्यात. माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घ्यायचे."

"पोतनीस?"

"आहेत साहेब," पोतनीस साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यातलं लोणी वितळलं होतं. "अकरा आहेत. पण तुम्हीच म्हणाला होता, पुढच्या बाजूचं काम आधी घ्या, पाहुणे येणार आहेत. म्हणून बाग आणि कारंजं आधी केलं. पंपाचे मिस्त्री सगळे तिकडेच होते."

फाटकातून आत आलं की ते कारंजं दिसायचं. शेजारी पाटी, पाणी वाचवा.

मला वाटलं आता मालक पोतनीस साहेबांवर ओरडणार. मोठी माणसं चूक झाली की शेजारच्यावर ओरडतात, हे मी बघितलं होतं. पण ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "होय. मीच म्हणालो होतो." मग समोरच्या भरल्या ताटावर झाकण ठेवलं. "उद्यापासून दुपारचं जेवण मागे. माझं, पोतनीस तुमचं आणि मेंटेनन्सच्या शिंद्यांचं. सोमवारची मीटिंगपण तिथेच. प्रांजल, हजेरी तू घे."

"रोज?"

"फळ्यावर काय लिहिलंय?"

त्या चार-पाच दिवसांची मजा मला बाबांकडून ऐकायला मिळायची आणि आम्ही मायलेकी हसून हसून बेजार व्हायचो. पोतनीस साहेब नाकाला अत्तराचा रुमाल लावून वरण-भात खायचे. शिंद्यांनी पहिल्या दिवशी डबाच उघडला नाही आणि दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच पाना घेऊन ब्लोअरवर चढले. वर्षभर पुढच्या बजेटात असलेला ब्लोअर पाचव्या दिवशी सुरू झाला. कारंज्याची मोटर मागे आली. मालक मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. वास अर्धा झाल्यावर ते रोज जेवताना विचारायला लागले, आता उरलेला कशाचा? बाबा सांगायचे, पनीरच्या पाण्याचा. मग पनीरचं पाणी टाकीत सोडायचंच बंद झालं. ताजं असतानाच ते कॅनमध्ये भरून शेतकऱ्यांच्या म्हशींना जायला लागलं. गाळाचं काय? बाबांनी सांगितलं, शेणाच्या गॅससारखा याचाही गॅस होतो, मी बघितलाय. पावसाळ्याआधी कॅन्टीनची एक शेगडी त्या गॅसवर पेटली. सुनंदामावशी म्हणाली, त्या शेगडीवरचा चहा मी पिणार नाही. आठवड्यानं तीच दुसऱ्यांदा मागायला लागली.

आणि लोक यायला लागले. मालक जिथं जेवतात तिथं आपणही बसावं, असं एकेकाला वाटायला लागलं. आधी कदम आले, मग प्रयोगशाळेतल्या दोघी, मग पॅकिंगचं अख्खं टोळकं. पालथ्या क्रेटच्या जागी दगडी ओटा झाला, वर पत्रा आला. बाबा घरी येऊन कुरकुरायचे, "जरा शांतपणानं भाकरी खाऊ देईनात. ज्यानं त्यानं माझ्या डब्यात हात घालावा." आणि असं कुरकुरताना त्यांचा चेहरा जो व्हायचा ना, तो बघायला मी अभ्यास सोडून उठायचे.

असं वर्ष सरलं आणि खंडेनवमी आली. किटलीतून चिठ्ठी निघाली ती खवा सेक्शनमधल्या एका चिमुरडीची. तिला आईनं पढवून ठेवलं होतं, तिनं श्रीखंड मागितलं. पोतनीस साहेबांनी ओल्या फडक्यानं फळा पुसला. वर्षभर पावसापासून जपलेला माझा हुकूम पाण्याच्या दोन ओघळांत खाली गेला आणि त्या जागी श्रीखंड आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या, पण जरा हळूच.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी डबा घेऊन गेले. सणाची कमी माणसं होती, जी होती ती पुढे सोनं वाटत होती. ओट्यावर बाबा एकटे. आईनं बिनलसणाची चटणी त्या दिवशीही वेगळी बांधली होती. बाबांनी ती डबी हातात घेतली आणि बाजूला ठेवली. "ही कशाला दिली? मुदत संपली की आता."

"तुम्ही खा," मी म्हणाले.

एक वाजला. टाकीतलं पाणी हलकेच खळखळत होतं आणि वाऱ्यावर झेंडूचा वास येत होता. एक दहा झाले. बाबांनी भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. "भूक न्हाई फारशी," म्हणाले. एक वीस झाले. ते फाटकाकडे बघत नव्हते. अगदी ठरवून बघत नव्हते.

मी उठून केबिनकडे पळणारच होते. तेवढ्यात कोपऱ्यावरून चार पुडांचा डबा आला आणि त्याच्यामागे मालक. शर्टाच्या खिशात आपट्याची पानं कोंबलेली, घामाघूम झालेले. "सगळ्या गावानं आजच सोनं द्यायचं ठरवलंय," ते वैतागून म्हणाले. "दत्तू, सरक जरा. आणि चटणी कुठाय?"

बाबा सरकले. मी बघतच राहिले. आज कुठल्याच फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मालकांनी डबा उघडला आणि पहिला घास घेण्याआधी, वर्षभराच्या सवयीनं, नाक वर करून वास घेतला. कपाळाला आठी पडली. "दत्तू, आज कसला वास येतोय रे?"

बाबांनी टाकीकडे पाहिलं, ब्लोअरचा आवाज कान देऊन ऐकला, मग मालकांच्या डब्यावर वाकले.

"आक्कांनी आमटीत हिंग जास्त घातलाय मालक," बाबा म्हणाले. "टाकीचा काय दोष न्हाई."